बारा मात्रा, नववा ठोका

८ ऑक्टोबर २००५, शॉमबर्ग
"पोरीचा कान सोन्याचा आहे हो, गळा मात्र पत्र्याचा." गाण्याच्या बाई आईला म्हणाल्या होत्या. सांगलीत, मी तेरा वर्षांची असताना. पुढे चार वर्षं त्यांच्या मागे तानपुरा धरला. गायले नाही.
आज आठवलं ते मृ.मुळे. आमची चौदा वर्षांची मृण्मयी आणि तिची मैत्रीण जियंग दर शनिवारी कोरियन सिरीयल बघतात. डीव्हीडी जियंगच्या घरून येतात, खाली इंग्रजी अक्षरं. मी मेथी निवडता निवडता उभी राहिले, मग बसले, मग मेथी राहिलीच. चौथ्या भागात डोळ्यांना पदर. म्हणजे स्वेटशर्टची बाही.
"आई, डोन्ट क्राय, इट्स ओन्ली एपिसोड फोर!"
एका प्रसंगात एक म्हातारी गाते. आवाज खरवडलेला, मध्येच चिरणारा. आणि समोरची माणसं माना डोलावतायत! मी डीव्हीडी थांबवायला लावली.
जियंग म्हणाली, "ओह, दॅट्स पानसोरी. माय ग्रँडमा डज दॅट. सो बोरिंग."

१५ ऑक्टो.
जियंगला खोदून खोदून विचारलं. पानसोरी म्हणजे गाणारा एक, ढोलवाला एक, हातात पंखा. गोष्ट सांगायची, मध्येच गायची, परत बोलायला लागायचं. तासन्‌तास. आपलं कीर्तनच की, टाळ तेवढे नाहीत.
आणि आवाज मुद्दाम तसा करतात! वर्षानुवर्षं ओरडून. पूर्वी म्हणे धबधब्यासमोर बसून. गुळगुळीत गळा म्हणजे अजून कच्चा.
अविनाशला सांगितलं. "मग तुझा जन्म तिकडे व्हायला हवा होता यार." नागपुरी विनोद करून नवरा पुन्हा लॅपटॉपमध्ये. मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहायला घेतलेली कथा तशीच पडून.

५ नोव्हें.
जियंगच्या चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम. आधी मुलींचा पॉप गाण्यावर नाच. मृ. दुसऱ्या रांगेत, शब्द येत नाहीत तिथे नुसतं तोंड हलवत. झकास नाचली. मग माझ्या शेजारी येऊन बसली, आणि जियंगची आजी आली. आजीला त्यांच्यात हालमोनी म्हणतात. सत्तरीच्या पुढच्या, मूर्ती लहान. ढोलावर चर्चमधले एक काका.
मी मांडीवर ताल धरला. बारा मात्रा. एकताल! काय आनंद झाला. दोन आवर्तनं मोजली आणि समेवर खणखणीत "वा!"
एकटीच. सगळा हॉल वळला. मृ.ने डोकं गुडघ्यांत घातलं.
यांचं वजन पहिल्या मात्रेवर नाहीच. नवव्या मात्रेवर काठी ढोलाच्या लाकडावर फाडकन बसते, आणि ओळ संपता संपता ऐकणारे ओरडतात, "चोता!" म्हणजे छान. ऐकणाऱ्याने गप्प बसणं हाच उद्धटपणा.
नंतर हालमोनींनी बोलावलं. त्यांना इंग्रजी नाही, जियंग मध्ये. त्या म्हणाल्या, "पाहुणा दारात आला की तुम्ही ओरडता. आम्ही तो निघताना ओरडतो." मग माझ्या मांडीवर बोट ठेवून, "पण ही मोजत होती. या हॉलमध्ये दुसरं कोणी मोजत नव्हतं."
घरी येताना गाडीत मृ. : "यू आर सो एम्बरॅसिंग." मी खुशीत.

१९ नोव्हें.
हालमोनींकडे गेले, रव्याचे लाडू घेऊन. त्यांनी नासपती सोलून पुढे केली. नवरा चाळीस वर्षं त्यांच्यासाठी ढोल वाजवायचा. तीन वर्षांपूर्वी गेला. ढोल कोपऱ्यात, कापडाखाली.
कापड काढून काठी माझ्या हातात दिली. मी आठव्यावर मारली. गुडघ्यावर चापट. दहाव्यावर. चापट. पोरी आतल्या खोलीत सिरीयल बघत खिदळतायत, आम्ही दोघी बाहेर अशा.

१० डिसें.
फ्रीजमध्ये हालमोनींनी दिलेली किमचीची, म्हणजे तिखट आंबवलेल्या कोबीची, बरणी. अविनाश : "अगं, दुधालासुद्धा वास लागलाय! एक तर ही राहील, नाही तर मी." बरणी ठेवली आहे. तोही आहे.
नववा ठोका आता आपोआप पडतो. आज त्या डोळे मिटून जरा थांबल्या, मी "चोता!" म्हटलं, आणि त्यांनी पुढची ओळ दुप्पट जोराने उचलली. माझ्या एका शब्दावर. इतकी वर्षं गाणं ऐकते आहे, पण हे…

१४ जाने. २००६
बर्फ. ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा बंद करून गायले. त्यांचीच ओळ. आवाज चिरला, थांबले नाही. वाईट गायले, पण मोठ्याने. एक काकडी आणि ब्रेड आणायला पाऊण तास लागला.
मग त्यांच्याकडे गेले आणि जियंगकरवी विचारलं : गाणं शिकवता का?
"शी सेज, नेव्हर अगेन."
अकरा शिष्य झाले. शेवटची सगळ्यांत लाडकी. टीव्हीवर पॉप गायचं म्हणून तिने गळा पुन्हा गुळगुळीत करून घेतला. तेव्हापासून हालमोनींची शपथ : ढोल कोणीही वाजवा, गळा कोणाला देणार नाही.
मृ.च्या भिंतीवर तसल्याच पाच पोरांचं पोस्टर आहे. त्यांची गाणी मलाही आवडतात, नाच तर फारच. हे हालमोनींपाशी बोलले नाही.
आणि त्या मार्चअखेर कोरियाला चालल्या. धाकट्या बहिणीकडे, कायमच्या.

१८ फेब्रु.
हालमोनी म्हणाल्या, "तू चांगली ढोलवाली होशील. गाणारे पुष्कळ मिळतात." त्यांच्या तोंडून हे म्हणजे केवढा मान. घरी येऊन भाकरी थापल्या. म्हणजे पुन्हा कोणाच्या तरी शेजारी बसायचं. बसेन, आवडीने बसेन. पण गायचंही आहे मला.
मृ.ला सांगितलं. वाटलं, हसेल. "सो आस्क हर युवरसेल्फ, आई. जियंगला कशाला मध्ये घालतेस?"

११ मार्च
जियंगने कोरियन वाक्य लिहून दिलं, मी देवनागरीत उतरवून घेतलं. आठवडाभर पोळ्या लाटताना तेच. अविनाशलाही पाठ झालंय.

२५ मार्च
त्यांच्या घराखाली, गाडीत. बुधवारचं विमान. वर खिडकीत बॅगा दिसतायत. ढोल बहुतेक बांधून झाला असेल.
नाही म्हणतील. त्यांच्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं. तरी वर जाणार. दार उघडलं की बूट काढायच्या आधी म्हणणार, आणि कोरियन विसरले तर मराठीत :
हालमोनी, जायच्या आधी चार ओळी शिकवा. वाजवायला नाही, गायला.