डेप्युटीचा रंग

प्रिय वेंडेल,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. इकडे ऊन मी म्हणतंय. मागच्या कुरणातल्या खडकांना हात लावायची सोय नाही, पण त्यावर बूमर सरडे छाती काढून बसलेत, मजेत. तू लावलेला दलाल दोनदा घर बघून गेला. परसातली विहीर त्याला अडगळ वाटते म्हणे. बाबांना यातलं काही ठाऊक नाही. लॉटनच्या त्या वृद्धाश्रमात ते रोज एकच विचारायचे, घरी कधी नेणार?

बाबांचा म्हातारा पाळीव सरडा, डेप्युटी, मार्चमध्ये गेला आणि बाबांना कळायच्या आत तू अमरिलोहून गाडी पिटाळत आलास, ते चांगलंच केलंस. बिचारा काचेच्या पेटीतच अंड्यातून निघाला, दुकानातल्या किड्यांवर आणि दिव्याच्या उबेवर वाढला. बूमर म्हणून ओळखायला गळ्यातले दोन काळे पट्टे तेवढे होते, बाकी अंग भांडी घासलेल्या पाण्याच्या रंगाचं. बाबा म्हणायचे, गडी गुणाचा आहे, रूपाचं सोडा. आणि तू गळाच्या काठीला दोऱ्याचा फास लावून मागच्या खडकावरून पकडलास कोणता, तर सगळ्यांत देखणा नर! निळं-हिरवं अंग, पिवळाधमक गळा, नुसता नवरदेव. अरे शहाण्या, म्हाताऱ्याच्या जागी कुणी नवरदेव बसवतं का?

पण बाबांनी तो डेप्युटीच मानला. डोळे अधू, त्यात मनाची ओढ. सगळ्या नर्सना गोळा करून दाखवला, बघा, याला रंग चढला! व्यायाम करवून घेणाऱ्या पोरीला उशी फेकून मारणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी स्वतःहून वॉकर मागायला लागला. हा या वयात तरुण होतो, तर मला काय धाड भरलीय, म्हणाले. जेवणघरापर्यंत चालत जायला लागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जूनमध्ये त्याचा रंग उतरायला लागला. दुकानदार म्हणाला, बाहेरचं ऊन नाही, नाकतोडे नाहीत, पेटीत सगळे असेच फिके पडतात. काचेवर घासून घासून त्याचं नाक सोललं. बाबा सकाळी उठले की आधी पेटीकडे बघायचे. मग वॉकर कोपऱ्यात गेला, सूपचा वाडगा भरलेला परत जायला लागला. आमचं दोघांचं आटपलं, म्हणाले. तुला फोन केला तर तू म्हणालास, काळजी कसली, दुसरा पकडून आणतो. तेव्हा माझं डोकं फिरलं, वेंडेल. फोन आपटला तो त्यासाठी.

बुधवारी मी त्यांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, डेप्युटीसाठी रडतील. रडले नाहीत. असे ओरडले की नर्स धावत आली. तो पेटीतच जन्मला होता, त्याचं ठीक होतं. याला खडक माहीत होता ना! कुणाला विचारून आणलंत याला? मी आपली पाणी देत होते. त्यांनी पेला बाजूला सारला आणि अगदी हळू म्हणाले, आणि मला कुणाला विचारून आणलंत, नडीन?

मी तशीच उठले आणि ऑफिसात जाऊन त्यांना घरी न्यायचे कागद मागितले.

शुक्रवारी मी दोघांना घरी आणलं. सरडा पेटीतून निघाला तो मागच्या दोन पायांवर धूम पळत सुटला, वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाबा ओसरीवर बसून खो खो हसले, मग त्यांना खोकला आला. डॉक्टर म्हणतात, घरी ठेवलंत तर हिवाळा काढतील असं नाही. तेही मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, मग खुर्ची जरा उन्हात सरकव. दलालाची पाटी मी उपटून टाकली आहे. घर विकायचं नाही, एवढं कळवायला हे पत्र. तुझी परवानगी मागत नाहीये. रविवारी ये. ते तुला शिव्या घालतील, त्या मुकाट्याने ऐकून घे, आणि जेवून जा.

तुझीच रागावलेली बहीण,
नडीन