मासळीचे हात

बोरीवली पूर्व,
२३ फेब्रुवारी २०२५

मथुराताईंना,

नमस्कार. आम्ही इथे बरे आहोत. भाऊजींचा गुडघा कसा आहे? होडीचं इंजिन दुरुस्त झाल्याचं तुमच्या कृणालकडून कळलं. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून त्याच्याच हाती हे पत्र देते.

दोन आठवडे झाले, श्रुतिकाचे दात काढले. सात. खुर्चीवर ती बसेना, म्हणून पूर्ण भूल द्यावी लागली. मी बाहेर बाकावर बसून समोरची पाटी पुन्हा पुन्हा वाचत होते. रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

चार महिने पोर भिंतीवर डोकं आपटत होती. तिला बोलता येत नाही आणि आम्ही म्हणत होतो, नवं घर मानवलं नाही, हट्ट करते. खरं तर तिच्या दुधाच्या दाढा सडत होत्या. भात गालात तसाच राहायचा.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "पक्क्या दाढा आत्ताच आल्यात, चारही. त्या तरी वाचवायच्या ना? रोज घासत होता ना?" मी हो म्हटलं. ताई, खोटं बोलले. वेगळं राहायला आल्यापासून ती मला तोंडाला हात लावू देत नाही. महिन्याभरात मी नाद सोडला.

मग त्यांनी पद्धत दाखवली. जमिनीवर बसायचं, मुलीचं डोकं मांडीवर घ्यायचं आणि मागून घासायचं. गोराईला ओट्यावर तुम्ही रोज तसंच करायचात. मासे विकून आलात की टोपली ठेवून, हात साबणाने धुऊन, आधी तेच. ती तुमच्या बांगड्या फिरवत पडून राहायची. आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "मासळीचे हात माझ्या मुलीच्या तोंडात घालू नका." तुम्ही हात मागे घेतलात.

काल मी बोंबील आणले, साफ केले, हात नुसत्या पाण्याने धुतले आणि तिला मांडीवर घेतलं. तिने माझी बोटं हुंगली. तोंड उघडलं. मग वर माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

कोणत्या तोंडाने माफी मागू? माझ्यासाठी येऊ नका. तिच्या चार दाढांसाठी या. मी तेवढा वेळ खाली जाऊन बसेन.

तुमचा हात अडवणारी,
धाकटी जाऊ प्रियंका