गेटजवळचा बोर्ड

३ जुलै
संस्थेच्या अध्यक्षांनी केबिनमध्ये बोलावलं. या सत्रात दोनपेक्षा जास्त लेक्चरर सोडून गेले तर माझं प्रभारी प्राचार्यपद गेलं म्हणून समजा, म्हणाले. पगारवाढीचा विषय काढायचा नाही. हरकत नाही. माणूस पगारासाठी नाही, कौतुकासाठी राबतो. मी पगारासाठी राबतो, पण मी अपवाद.

५ जुलै
गेटजवळच्या काचेच्या बोर्डावर 'महिन्याचे मानकरी' सुरू. फोटो, विषय, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, शिवाय मोबाइल नंबर. नंबरची आयडिया माझी. लोकांना अभिनंदन करता यावं. पहिले मानकरी गणिताचे सर. त्यांचे डोळे पाणावले. शिपाई म्हणतो, खडूची धूळ.

९ जुलै
समोरच्या कोचिंग क्लासचे मालक येऊन बोर्ड वाचत होते. मोबाइलवर फोटोही काढला. परक्या माणसाला कदर आहे!

३१ जुलै
गणिताचे सर गेले. घरगुती अडचण म्हणे. शिपाई म्हणतो, अडचण रस्त्यापलीकडेच आहे. त्याचं मी मनावर घेत नाही.

१ ऑगस्ट
कौतुक कमी पडलं असणार. या वेळी फोटो दुप्पट मोठा. फिजिक्सच्या मॅडम. क्लासचे मालक सकाळीच हजर. उन्हात उभे राहून वाचत होते, बरं दिसेना. शिपायाला त्यांच्यासाठी खुर्ची ठेवायला सांगितलं.

२९ ऑगस्ट
फिजिक्सच्या मॅडमही गेल्या. जाताना माझे अगदी मनापासून आभार मानले. म्हणजे योजना लागू पडतेय.

१ सप्टेंबर
आता रिस्क नको. घरचंच माणूस लावलं. बायको आमच्याकडेच स्टॅटिस्टिक्स शिकवते, अकरा वर्षं, तासाच्या मानधनावर. ती कुठे जातेय! म्हणाली, फोटो नीट लावा आणि नंबर माझाच टाका. कॉलेजच्या कामात तिने इतका रस पहिल्यांदाच घेतला.

१९ सप्टेंबर
बायकोचा राजीनामा. सुरुवात 'महोदय'. मी म्हटलं, अगं, माझी खुर्ची जाईल. ती म्हणाली, "त्या क्लासवाल्याला तुम्ही पहिल्याच महिन्यात खुर्ची दिलीत. स्टाफरूममध्ये आम्ही सात जण होतो आणि खुर्च्या चार. अकरा वर्षांत कधी बघायला आलात?"
पहिल्या नाही, दुसऱ्या महिन्यात दिली. पण हे बोललो नाही. वाईट वाटलं. खूपच.

३० सप्टेंबर
अध्यक्षांचं पत्र आलं. प्रभारीपद काढून घेतलंय. उद्यापासून गणिताचे तास मी घ्यायचे. स्टाफरूममध्ये बसायचं. बघून आलो. खुर्च्या तीनच आहेत. चौथी गेटवर आहे.

१ ऑक्टोबर
खचलो नाही. प्रभारीपदाचा चार्ज देण्याआधी बोर्डावर स्वतःचा फोटो लावला. सूट, टाय, दोन्ही नंबर. मोबाइल फुल चार्ज. साडेअकराला क्लासचे मालक आले, खुर्चीत बसले, चष्मा पुसून सगळं वाचलं. मी खिडकीआड उभा.
मग त्यांनी शिपायाला विचारलं, "या महिन्याचा अजून लावला नाही का?"