पितरांचं पान आणि फंड

आई,

आज फंडातून पैसे काढले. तुला आधी विचारायला हवं होतं. पण तू नको म्हणाली असतीस, आणि तुझं नको मला चांगलंच ठाऊक आहे.

मी लहान असतानाचं आठवतं: तू चुलीपुढं सुकट निवडत बसली आहेस. बाबा फौजेतून सुट्टीवर आलेत आणि तुला पगार समजावताहेत. पगार हातात यायच्या, त्यावर कर लागायच्या आधीच थोडा भाग फंडात जातो, घरच्यांच्या दुखण्याखुपण्यासाठी. तुझ्या डोक्यात काही शिरेना. मग ते म्हणाले, "अगो, पितृपक्षात म्हाळाला कौलावर ठेवायला पितरांची वाडी, त्यांचं पान, आपण सगळ्यांच्या आधी काढतो ना? तसंच हे. टॅक्सवाला पंगतीला बसायच्या आधी आपलं पान बाजूला." तू खूश झालीस. त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं, याचा मला आजही राग येतो.

कारण पुढं तुझ्या छातीत गाठ निघाली. चिपळूणच्या डॉक्टरांनी पुण्याच्या लष्करी इस्पितळात जायला सांगितलं. उपचार फुकट, पण तिथं खोली घेऊन महिनोन्महिने राहायचं, सोबतीला माणूस हवं. बाबांनी सीमेवरून फोन केला, फंडातून काढतो म्हणाले. तू म्हणालीस, "पितरांच्या पानात हात घालून मी बरी व्हायची नाय. आणि दुखत पण नाय आता." वर हसलीस. तिकडं त्यांना ते खरं वाटलं. मी तुला चिकटून उभा होतो, मलाही वाटलं. बाबा सुट्टी मिळवून आले तोवर उशीर झाला होता.

आता मीही फौजेत आहे. माझ्याही पगारातून तसंच कापलं जातं. तुझी नात जन्मापासून बहिरी. लष्करी इस्पितळात कानात मशीन बसवायचं ऑपरेशन झालं, आता बोलायला शिकवण्यासाठी तिला घेऊन पुण्यात राहायचंय. बायको म्हणाली, "फंड आहे की!" ती किती सहज म्हणाली. मी फॉर्म दोनदा घडी घालून ठेवला, मग सही केली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहितोय.

पोर आता आवाज झाला की वळते. कधी काही वाजलेलं नसतानाही वळते, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघते आणि हसते. बायको म्हणते, मशीन नवीन आहे, होतं असं. मी मात्र त्या दाराकडं बघत नाही. तू तिथं असशील, आणि अजूनही दुखत नाय म्हणून हसत असशील, याची मला भीती वाटते.