हळदीकुंकवानं बंद पडलेला प्रोग्राम

लातूर, रविवार

चि. अनिमेष यास रेणुकादासकाकाचे पोटभर आशीर्वाद. तुझी सर्दी गेली असेल. पुण्याची हवा आणि तुझं उशिरा उठणं, दोन्ही सुधारोत. आम्ही ठणठणीत आहोत (म्हणजे माणसं, कॉम्प्युटरचं सांगतो).

दिवाळीत तू क्लासच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून दिलंस, प्रश्नपत्रिका काढायचा प्रोग्रामही दिलास. शुक्रवारी तो उघडायला गेलो तर खिडकी लुकलुकली आणि गडप. पुन्हा दाबलं, पुन्हा गडप. दोन दिवसांवर आमची पहिली सराव परीक्षा, पालक बघायला येणार, आणि समोर माणिकप्पाचा क्लास आमची पोरं पळवायला टपलेला (भूकंपानंतर घट्ट बांधलेल्या इमारतींवर आता क्लासच्याच पाट्या). मी कॉम्प्युटर बंद-चालू केला, प्रोग्राम काढून परत घातला, आणि शेवटी मला कारण सापडलं: तुझ्या काकूनं सकाळीच कॉम्प्युटरच्या डब्याला हळदीकुंकू लावलं होतं. कुंकू आत सांडलं, असं मी पोरांसमोर जाहीर केलं. ती तडक घरी गेली. आता आमची बायोलॉजी सगळी तिच्या जिवावर, आणि संध्याकाळी कळलं, माणिकप्पानं तिला शिकवायला बोलावलंय. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मग तुझी शिकवण आठवली, की प्रोग्राम त्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवला की काय दुखतंय ते तोच सांगतो. त्यानं सांगितलं, सेटिंगच्या फाइलीतली पहिली ओळ कळत नाही. आता त्या फाइलीत क्लासचं नाव घालायला आदल्या दिवशी मीच गेलो होतो, आणि कोऱ्या वहीपासून लग्नाच्या यादीपर्यंत आपल्यात श्रीशिवाय कुणी सुरुवात केलीय का? सगळ्यात वर ठसठशीत ‘॥ श्री ॥’ लिहून आलो होतो. हात जोडले, पुसला, आणि प्रोग्राम टुणकन उघडला. आज परीक्षा झकास झाली. इतका आनंद झाला की उमरीहून आलेल्या पालकांना मी दोनदा चहा पाजला.

बाकी सगळं गोड आहे, तूही गोड मानून घे.

तुझा रेणुकादासकाका

ता. क. खरं काम हे. काकूला फोन करून सांग, की चूक प्रोग्राममध्येच होती, तुझ्या हातून राहिली होती. कुंकू निर्दोष, काका निर्दोष. श्रीचं नाव काढू नकोस. (घरात फोन तिच्या खुर्चीशेजारी, म्हणून हे पत्र.) माणिकप्पाला ती गुरुवारी उत्तर देणार आहे, त्याआधी कर.

आणखी एक. पाकीट चिकटवायला वळलो तर काकू मागंच उभी. म्हणाली, “सगळं वाचलंय मी. माणिकप्पाला कालच न्हाई म्हणून सांगितलं. पण अनिमेषला फोन करू द्या. त्या लेकराला खोटं बोलता येत न्हाई, मला लई ऐकावं वाटतंय.” मला किती हलकं वाटलं, काय सांगू. तेव्हा ठरलेलं खोटं तसंच बोल. आम्ही दोघं मिळून ऐकू.