फ्री टाइम : तीन तास

प्रिय बाबा,

शूजच्या डब्यात पत्र बघून दचकू नका, आणि प्लीज मोठ्याने वाचू नका. माझ्या लॅबमधल्या अनयाची आई पुण्याला येत होती, तिच्या बॅगेत एका डब्याएवढी जागा होती. फोनवर हे बोलता येत नाही, कारण तुम्ही कायम स्पीकरवर असता आणि आई शेजारी. मेसेज पण तुम्हाला तीच वाचून दाखवते. तुमच्या शूजना मात्र ती हात लावणार नाही. आठ दिवस घरात घालून फिरा, नवीन आहेत. इस्तंबूल सगळं चढ-उताराचं आहे.

मी आज आईचं सिक्रेट फोडतेय. तिला कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही, आणि आपल्या घरात न बोलणं किती वर्षं चालतं ते मला माहितीये. तुमच्या टूरचा शेवटचा दिवस, गुरुवार. दुपारी एक ते चार ग्रँड बझारमध्ये फ्री टाइम, संध्याकाळी फ्लाइट. आई तुम्हाला म्हणणार, 'तुम्ही कुलकर्णीभाऊजींबरोबर चहा प्या, मी जरा दिवे बघून येते.' ती दिवे बघणार नाहीये. ती बोटीने पलीकडे काडिकॉयला जाणार आहे, ताईला भेटायला. तिच्या नीलाला बघायला. नीला आठ महिन्यांची झाली, बाबा.

चिडू नका. म्हणजे चिडा, पण वाचत राहा. नैनाताईने इथूनच, अमेरिकेतल्या फ्रीमाँटहून, एमरेबद्दल सांगायला फोन केला, तेव्हा तुम्ही 'बरं' म्हणून ठेवून दिलात. लग्न करून ती त्याच्याबरोबर इस्तंबूलला गेली, आणि पाच वर्षं तुम्ही सगळ्यांना सांगताय, मला एकच मुलगी, अमेरिकेत पिस्कॅटवेला पीएचडी करते. दर वेळी ती एक मुलगी म्हणजे मी.

आता नीट लक्ष द्या. मी इस्तंबूलला कधी गेले नाहीये, पण गेले तीन महिने रोज तिथल्या ट्राम आणि बोटींचे व्हिडिओ बघतेय. माझी रूममेट रुही म्हणते, थीसिस सोड आणि तिथे गाइड हो. तर, बझारला खूप दारं आहेत आणि सगळी सेम दिसतात. बेयाझितच्या दारानेच बाहेर पडायचं, ट्राम तिथेच आहे. स्टॉपवरच्या मशीनमधून कार्ड घ्या. एक कार्ड दोघांना चालतं, दोनदा टॅप करायचं. टॅक्सी अजिबात नाही, पुलावर ट्रॅफिक लागला की संपलं. एमिनोनूला, म्हणजे बोटींच्या धक्क्यापाशी, उतरलं की 'बॉस्फरस, बॉस्फरस' ओरडत लोक मागे लागतील. ती टुरिस्टना फिरवून आणणारी बोट, ती नाही. आपली साधी, ऑफिसला जाणाऱ्या लोकांची. शेजारच्या धक्क्यावरून उस्कुदारची सुटते, तीही नाही! बोर्डवर काडिकॉय वाचा, मगच चढा. आणि बझारमधून निघताना कार्पेटवाला चहा पाजेल, गोड गोड बोलेल. त्याच्याकडे टेकलात की अर्धा तास गेला. जाऊन-येऊन दोन तास धरा. म्हणजे ताईच्या वाट्याला एक तास. चारला तुमचा टूर मॅनेजर देवांग बसमध्ये डोकी मोजणार.

आई हे एकटी कसं करणार? तुम्ही दोघं इथे आला होतात तेव्हा ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंगमध्ये ती पाऊण तास दुसऱ्याच कोणाच्या गाडीला टेकून उभी होती, रंग सेम म्हणून. तुम्हीच शोधलंत तिला. ओरडला नाहीत, फक्त पाण्याची बाटली उघडून दिलीत. मी गेले असते तिच्याबरोबर. पण माझा अमेरिकेचा व्हिसा स्टॅम्प संपलाय. बाहेर पडले तर परत आत घेतील याची गॅरंटी नाही, लॉयर सरळ नको म्हणाला. मी फक्त मॅप बघू शकते.

आता खरं कारण. तुमच्या फोनमध्ये अजून माझं जुनं गूगल अकाउंट आहे. सोमवारी आईसाठी बोटीची वेळ बघायला मी तेच उघडलं. 'का' टाइप केलं आणि 'काडिकॉय बोट वेळ' आपोआप खाली आलं. मी ते कधीच शोधलं नव्हतं. हिस्टरी उघडली, तर त्याच्याखाली 'सीनियर सिटिझन बोट एकटे'. त्याच्याखाली 'आठ महिन्याचे बाळ रव्याचा लाडू चालतो का'. मग आठवलं, आई परवा वैतागून सांगत होती, बाबांनी देवांगला बजावलंय की फ्री टाइममध्ये हिला कुलकर्णीकाकूंबरोबर ठेव, एक मिनिट सोडू नकोस. 'आता मी निसटू कशी गं?' बाबा, तुम्ही आईला अडकवून निघालाय, आई तुम्हाला चुकवून. एकाच बोटीला. दोघांपैकी एक नक्की मागे राहणार. तेवढं होऊ देऊ नका. देवांगला सांगा की सोबत नको. आईला आधी काहीच बोलू नका. ती 'दिवे बघून येते' म्हणाली की फक्त तिच्याबरोबर उठा. लाडू नीलाला चालत नाही, तिला दोनच दात आहेत. ताईला चालतो. ताईला मी फक्त आई येतेय एवढंच सांगितलंय. कार्ड आधी आईसाठी टॅप करा, मग तुमच्यासाठी.

तुमचीच, दोघींमधली धाकटी,
सावनी