आतून लागणारी कडी

छोटे, तुला दादाचे लाख आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. थोडा खोकला आहे, पण तो साथीचा नाही, हॉस्पिटलच्या चादरी धुतो त्या पावडरीचा. मी कुठे टिकत नाही म्हणायचीस ना? इथे सात महिने टिकलोय. तू जेवतेस ना पोटभर?

पुढच्या महिन्यात तुला अठरा पूर्ण होतील, बालगृह सोडावं लागेल. माझ्या वेळी फाटकाबाहेर कुणी नव्हतं. तुला न्यायला मी येतोय, साथ असो नाहीतर साथीचा बाप.

बालगृहाच्या बाईंनी फोनवर विचारलं, "पालक म्हणून कुणाला लिहू?" म्हटलं, "मलाच. ठळक लिहा."

माझी इथली खोली आता तुझी, मी जिन्याखाली झोपेन. दाराला आतून कडी बसवलीय, तिकडे आपल्याला कधीच नव्हती तशी. मी अजून लावून पाहिलेली नाही. पहिल्यांदा तूच लाव.

फाटकाशी उभा असेन,
तुझा दादा